त्वचेचा रंग आणि प्रथिनांची साक्ष
त्वचेला वर्ण देणाऱ्या रंजक पेशी त्यांच्यातील विशिष्ट प्रथिनांवरून ओळखता येतात. टायरोसिनेज मेलॅनिन हे रंगद्रव्य घडविण्यास आरंभ करते. १९९४ साली उजेडात आलेले मेलॅन-ए ही याच पेशींची खूण होय.

कोडाच्या पांढऱ्या डागात ही खूण बहुधा आढळत नाही. शरीराच्याच रक्षक पेशींनी तेथील रंजक पेशी नष्ट केलेल्या असतात. म्हणूनच कोड संसर्गजन्य नव्हे, आणि कुष्ठही नव्हे.

याउलट मेलॅनोमा या कर्करोगात त्याच पेशी अनिर्बंध वाढतात. कधी गाठ काळी नसतेच. तेव्हा प्रतिपिंडांनी रंगविलेली एस-१०० व मेलॅन-ए ही प्रथिने तिचे मूळ सांगतात. मात्र ती साध्या तिळातही असतात. म्हणून पेशींची रचनाही पाहावी लागते.

नवल असे की, प्रतिकारशक्ती चेतविणाऱ्या औषधांनी मेलॅनोमाच्या काही रुग्णांच्या अंगावर कोडासारखे डाग उमटतात, आणि ते बहुधा शुभलक्षण ठरते.

सावळ्या वर्णाच्या लोकांत हा रोग अनेकदा तळपायावर वा नखाखाली उद्भवतो. तेथील पालटता काळा डाग उपेक्षू नये. आणि पांढऱ्या डागापायी कोणाची सोयरीक मोडू नये.