डिलीट केलं म्हणजे पुसलं का?

आपल्या बचत गटांचा हिशेब आता वहीबरोबर मोबाइलवर आणि संगणकावरही आला आहे. ठरावाचे फोटो, पासबुकाची पानं, आधार कार्डं, सगळं एका मेमरी कार्डात असतं. ते तिथे राहतं कसं, हे कळलं तर दोन मोठी नुकसानं टळतात.

कुर्डुवाडीला मालगाडीचा डबा नवा नाही. बार्शी लाइटची छोटी गाडी होती, तेव्हा तिच्या डब्यांतला माल इथे मोठ्या गाडीच्या डब्यांत भरावा लागे. संगणकही माहिती सुटी ठेवत नाही, सारख्या मापाच्या डब्यांत भरतो. त्या डब्याला म्हणायचं ब्लॉक. बऱ्याच संगणकांत एक ब्लॉक ४,०९६ बाइटचा असतो, मेमरी कार्डात याहून मोठाही असतो. नुसतं 'सावित्रीबाई' एवढं नाव लिहून ठेवलं तर लागतात ३३ बाइट, पण सहसा अख्खा डबा अडतो. १०,००० बाइटच्या फाइलला असे तीन डबे लागतात, आणि ते शेजारीशेजारीच असतील असं नाही. म्हणून कोणती फाइल कोणत्या डब्यांत आहे, याची एक यादी ठेवलेली असते.

आता मुद्द्याचं ऐका. मेमरी कार्डातली किंवा पेन ड्राइव्हमधली फाइल आपण डिलीट करतो, तेव्हा बहुतेक वेळा फक्त यादीतली नोंद जाते. डबे रिकामे धरले जातात, पण नवा माल भरेपर्यंत जुना माल आतच पडून असतो.

म्हणून पहिली गोष्ट. कर्जाची यादी चुकून डिलीट झाली, तर त्या कार्डावर एकही नवा फोटो काढू नका. कार्ड बाहेर काढा आणि विश्वासातल्या जाणकाराकडे न्या. फाइल परत मिळू शकते. फोनच्या आतल्या मेमरीत मात्र ही आशा धरू नका. तिथले मोकळे झालेले डबे फोन स्वतःच साफ करत असतो.

दुसरी गोष्ट. गटाचं जुनं कार्ड विकू नका, कुणाला देऊही नका. 'क्विक फॉरमॅट' केलं तरी बहुधा यादीच पुसली जाते. बायांचे आधार, खाते क्रमांक दुसऱ्याच्या हाती लागू शकतात. कार्ड नको असेल तर तोडून टाका.

आणि पुढच्या बैठकीत एवढा ठराव कराच: नोंदींची एक प्रत दुसऱ्या ठिकाणी ठेवायची, आणि कागदी वही बंद करायची नाही.