नोंदवही क्लाउडवर, कृती कागदावर

पालघरहून सातपाटीकडे जाताना समुद्राकाठी किल्ल्याचे शिरगाव लागते. अशा गावातल्या वाचनालयाने पुस्तकांची देवघेव संगणकावर घ्यायची ठरवली, तर बहुधा काय होते? बोईसरच्या कारखान्यात संगणक सांभाळणारा गावचाच एखादा तरुण दोन रविवार खपून सारे चालू करून देतो. मग टेबलाखालचा तो संगणक खारी हवा आणि पावसाळ्यातली जाणारी-येणारी वीज सोसत राहतो. एक दिवस तो बंद पडतो. तोवर तरुण पुण्याला नोकरीला गेलेला असतो आणि काय-कसे बसवले होते, हे त्याच्या डोक्यातच राहिलेले असते.

वाचनालयांसाठी ‘कोहा’ नावाची फुकट प्रणाली आहे. न्यूझीलंडमधल्या होरोव्हेनुआ ग्रंथालयाची जुनी प्रणाली २००० साल ओलांडणार नव्हती, म्हणून ही घडवली गेली आणि जानेवारी २००० मध्ये वापरात आली. माओरी भाषेत कोहा म्हणजे भेट. ती ब्राउझरमधून चालते. म्हणजे मूळ यंत्र गावातच हवे असे नाही.

इथे क्लाउड येतो. क्लाउड म्हणजे दुसऱ्याच्या इमारतीतला, भाड्याचा संगणक. अमेझॉनने जून २०१६ मध्ये आणि गूगलने २०१७ मध्ये मुंबईत अशी सोय सुरू केली. शिरगावात वीज गेली, तरी नोंदवही शाबूत राहते, मोबाइलवरही उघडते.

पण यंत्र हलवले म्हणजे अडचण हलली, असे नाही. पुन्हा कोणीतरी हातानेच आज्ञा टाइप करून सारे बसवले, तर तो गेल्यावर पहिलेच पाढे. म्हणून स्क्रिप्ट लिहावी. स्क्रिप्ट म्हणजे पाककृतीच: यंत्र घ्या, त्यावर लिनक्स आणा, नको ती दारे बंद करा, कोहा बसवा, जुन्या नोंदी भरा. फरक इतकाच, की ही कृती संगणक स्वतः वाचतो आणि करतो. कोहाबरोबर अशा लहान स्क्रिप्ट तयारच मिळतात. ‘कोहा-डंप’ प्रत काढते, ‘कोहा-रिस्टोअर’ ती परत भरते.

दोन गोष्टी मात्र डोळ्यांत तेल घालून पाहाव्यात. स्क्रिप्ट दोनदा चालली, तर दोन यंत्रे उभी राहू नयेत. आधी आहे का ते तपासून मगच पुढे जावे. २०१२ साली आलेले ॲन्सिबल हे साधन याच रीतीने चालते. नाहीतर विसरलेल्या यंत्राचेही भाडे चढत जाते, आणि वाचनालयाच्या वर्गणीत ते परवडणारे नसते. दुसरे, पासवर्ड स्क्रिप्टमध्ये कधीही लिहू नये.

आता प्रतीविषयी. कोहा रोज प्रत काढते खरी, पण ती त्याच यंत्रावर ठेवते. घराची दुसरी किल्ली घरातच ठेवावी, तसे हे! ती प्रत कुलूपबंद करून दुसरीकडे पाठवण्याची ओळ स्क्रिप्टमध्ये आपणच घालायची. सभासदांची नावे-पत्ते त्यात असतात, म्हणून कुलूप हवेच.

आणि वर्षातून दोनदा तरी, स्क्रिप्ट लिहिणाऱ्याने नव्हे तर ग्रंथपालबाईंनी, तासाभरासाठी नवे यंत्र घ्यावे, कागदावरच्या सूचना पाहून स्क्रिप्ट चालवावी, कालची प्रत भरावी आणि एखाद्या सभासदाकडे कोणते पुस्तक आहे ते शोधून पाहावे. सापडले, की ते यंत्र आठवणीने काढून टाकावे.