कागद फाडू नका

मी डॉक्टर नव्हे, शाळामास्तर आहे. पण शाळा सोडून गेलेला विद्यार्थी न कळणारा कागद घेऊन परत आला, तर तो वाचून दाखविणे मास्तराकडेच येते. उल्हासनगरच्या एका जुन्या विद्यार्थ्याने असाच कागद माझ्यापुढे ठेवला. आखातातील नोकरीच्या तपासणीत 'एचबीएसएजी पॉझिटिव्ह' निघाले होते. नोकरी गेली. मुलगा धडधाकट, डोळेही पिवळे नाहीत. तरी घरात त्याचे ताट वेगळे झाले होते आणि तो कागद फाडायला निघाला होता.

ताटाचे आधी सांगतो. 'बी' कावीळ एका दस्तरखानावर जेवल्याने लागत नाही. ती रक्तातून, दूषित सुई-वस्तऱ्यातून, शरीरसंबंधातून आणि बाळंतपणी आईकडून बाळाला जाते.

अमिताभ बच्चन यांना 1982 साली 'कुली'च्या चित्रीकरणात इजा झाली व पुष्कळ लोकांचे रक्त द्यावे लागले. त्यातून हा विषाणू आला, हे त्यांनीच जाहीरपणे सांगितले आहे. कळले मात्र बऱ्याच वर्षांनी, आणि तोवर यकृताचा पाऊण हिस्सा निकामी झालेला! आपल्याकडे कावीळ 'उतरवून' घेतात. पण जी दिसतच नाही ती उतरवायला कोण जाणार?

आता कागद. एचबीएसएजी एवढेच सांगते की विषाणू अंगात आहे. सहा महिन्यांनंतरही राहिला तर आजार जुनाट. विषाणू किती, हे डीएनए तपासणीत कळते. एसजीपीटी हा यकृताच्या पेशीतला पदार्थ, पेशीला इजा झाली की रक्तात उतरतो. हा आकडा चाळीसच्या आत आला की लोक निश्चिंत होतात, आणि तेथेच फसगत होते. आज पेशी शाबूत आहेत म्हणून काल नुकसान झालेच नाही, असे नव्हे. यकृत आक्रसून कठीण झाले तरी एसजीपीटी साधारण राहू शकतो. तेव्हा प्लेटलेट्स व अल्ब्युमिन घटतात, रक्त गोठायला वेळ लागतो.

एक हिशेब सांगतो, सातवीच्या मुलाला जमेल. एसजीओटीला प्रयोगशाळेच्या कमाल मर्यादेने भागा, शंभराने गुणा, मग प्लेटलेट्स जितके हजार असतील तितक्याने भागा. एसजीओटी 80, मर्यादा 40, प्लेटलेट्स 1 लाख: उत्तर 2. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2024 च्या मार्गदर्शनानुसार प्रौढांत 1 च्या वरचे उत्तर हा सिरॉसिसचा इशारा, आणि अर्ध्याच्या वर गेले तरी औषधाचा विचार करावा. निदान अर्थात डॉक्टरांचेच. शासनाने 28 जुलै 2018 रोजी सुरू केलेल्या राष्ट्रीय कार्यक्रमात 'बी' आणि 'सी' या दोन्हींची तपासणी व औषधे शासकीय केंद्रांवर मोफत मिळतात.

माझ्या विद्यार्थ्याचे उत्तर 0.4 आले. तो आता अंबरनाथला कामाला जातो, डॉक्टर सांगतील तेव्हा रक्त तपासून घेतो आणि कागद तारीखवार फाईलला लावतो. धाकट्या बहिणीची तपासणी निगेटिव्ह आली. तिच्या लसीचे दोन डोस झाले, तिसरा राहिला आहे. ताट एक झाले का, हे मी विचारले नव्हते. त्यानेच आपणहून सांगितले.