इंग्रजी पुस्तक कोणाला अवघड?
(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



मंडळाच्या ग्रंथालयातून मुलांसाठी इंग्रजी पुस्तक नेताना पालकांचा पहिला प्रश्न असतो, "हे आमच्या मुलाला झेपेल का?" पुष्कळदा पुस्तकावर छापलेली इयत्ता पाहून आपण निर्णय करतो आणि मूल अडखळले की दोष त्याच्या बुद्धीला देतो. म्हणून असली इयत्ता ठरते कशी, हे पाहणे अगत्याचे आहे.

१९४८ साली अमेरिकेत रुडॉल्फ फ्लेश यांनी वाचनसुलभतेचे एक सूत्र मांडले. त्यात दोनच गोष्टी मोजतात : वाक्यात सरासरी शब्द किती आणि शब्दात उच्चाराचे अवयव किती. गुण शंभराकडे झुकले तर मजकूर सोपा, शून्याकडे झुकले तर अवघड. १९७५ साली किनकेड व त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकन नौदलासाठी त्याला इयत्तेचे रूप दिले. आज संगणक हा हिशेब क्षणात करतो.

परंतु ही मोजपट्टी मूळची अमेरिकन शाळकरी मुलांच्या वाचनावरून बेतलेली आहे. 'युनिव्हर्सिटी' हा पाच अवयवांचा शब्द तिच्या लेखी अवघड. आपल्या घरी तो नित्याचा. उलट 'पुट अप विथ' हे तीन आखूड शब्द तिच्या लेखी अगदी सोपे. तिन्हींचे सुटे अर्थ येत असूनही 'सहन करणे' हा अर्थ मुलाला कोठून सापडावा? आपल्या 'डोळा लागला'पाशी परभाषिकही असाच थबकतो.

परक्या भाषेच्या वाचकाची ही अडचण मायकेल वेस्ट यांनी अविभक्त बंगालात, ढाक्यास काम करताना जाणली होती. त्यांनी आपल्या वाचनपाठांत विरळा शब्दांच्या जागी प्रचारातले शब्द घातले आणि नवे शब्द थोडे थोडे पेरले.

घरी करता येण्याजोगी एक परीक्षा विल्सन टेलर यांनी १९५३ साली सुचविली. उताऱ्यातील दर पाचवा शब्द झाकावा व वाचकाने तो ओळखावा. साधारण निम्म्या जागी मूळचाच शब्द आला, तर पुस्तक आवाक्यातले समजावे. सगळ्या जागा मोठ्यांनाही भरता येत नाहीत.

सारांश, वाचकाला वगळून पुस्तकाचे काठिण्य मोजता येत नाही. मूल अडले तर छापील इयत्ता बाजूस ठेवावी, अडलेल्या ओळीचा अर्थ त्याच्याशी मराठीत बोलावा आणि जरूर तर दुसरे पुस्तक द्यावे. परप्रांतात वाढणाऱ्या आपल्या मुलांना हा आधार घरातूनच मिळू शकतो.