दोन गुरुजींची शाळा



1995 साली याच परभणीत अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं, तेव्हा अध्यक्ष नारायण सुर्वे होते. शाळेत शिपाई म्हणून लागून पुढे मास्तर झालेला माणूस. त्याच गावात शिक्षकांसमोर उभं राहायला मिळालं, आभारी आहे. अध्यक्षाने वर्षाचा आढावा घ्यावा अशी प्रथा आहे. तो छापून संयोजकांकडे दिलाय, जाताना न्या. मला दुसरंच बोलायचंय, आणि ते बरीच वर्षं पोटात आहे.

सकाळच्या सत्रात मोठा वाद झाला. लेकरं बघून शिकणारी, ऐकून शिकणारी, हाताने करून शिकणारी. त्यांचे गट कसे पाडायचे? प्रशिक्षणात हे तक्ते मीही रंगवलेत. पण 2008 साली हॅरॉल्ड पॅशलर आणि त्यांच्या तीन सहकाऱ्यांनी यावरचं संशोधन तपासलं, तेव्हा मुलाच्या शैलीप्रमाणे शिकवलं की ते जास्त शिकतं याला धड पुरावा सापडला नाही. तक्ता मात्र आपल्याकडे अजून भिंतीवर आहे. बनी तो बनी, नहीं तो परभणी!

लेकरं वेगळी असतात, हे मला कुणी सांगायला नको. एक बडबडं, एक घुमं, एक दिवसभर खिडकीबाहेर. माझं म्हणणं एवढंच की सारखी सारख्यांत बसवू नका. मोठ्याने धाकट्याला शिकवायचं ही पंतोजीच्या शाळेतली रीत. मद्रासकडे मुलांना वाळूत अक्षरं गिरवताना पाहून अँड्र्यू बेल यांनी ती उचलली आणि 1797 साली लंडनमध्ये त्यावर पुस्तक छापलं. आपल्याकडे ती आता नव्या नावाने, पीपीटीतून परत आलीय.

पालम तालुक्यात गोदाकाठच्या शाळेवर आम्ही दोघं होतो. पहिली-दुसरी माझ्याकडे, तिसरी-चौथी जोडीदार सरांकडे. मी फळा पट्टीने आखणारा. सर टाचणाचा कंटाळा असलेले, आवाज मात्र पारापर्यंत जाणारा. पहिलं सत्र आम्ही कामापुरतंच बोललो.

चौथीत एक मुलगी दिवाळीनंतर आई-बापाबरोबर ऊसतोडीला गेली, ती परतली एप्रिलात. वर्गात तोंड उघडेना. सरांनी वर्गातलं सगळ्यात बडबडं पोरगं तिच्यासमोर बसवलं आणि म्हणाले, "हिला कारखान्याचं विचार." पोरगं आपलंच सुरू झालं : आधी रिकामी गाडी काट्यावर घेतात, मग ऊस भरतात, मग पुन्हा मोजतात. मुलगी एकदम म्हणाली, "न्हाई. भरलेली आधी. मोळ्या खाली केल्या की मग रिकामी." आणि तिने वजनाची पावती कशी असते ते बोटाने पाटीवर दाखवलं. वरचा आकडा, खालचा आकडा, उरला तो ऊस. मी ओसरीतून ऐकत होतो. उठलो, फळ्यावर तीन रकाने आखले आणि तिला खडू दिला. त्या आठवड्यात चौथीची हातच्याची वजाबाकी तिने घेतली. सरांचा गोंगाट नसता तर ती बोलली नसती, आणि माझे रकाने नसते तर ते बोलणं तिथेच विरलं असतं. सकाळच्या वादावर माझं उत्तर हे.

त्यानंतर आम्ही वर्ग वाटून घेणं सोडलं. सुरुवात सरांनी करायची, घडी मी बसवायची.

2018च्या बदल्यांत सरांना खो बसला.

आता मूळ दुखणं सांगतो. शिक्षणहक्क कायद्याने साठ पटापर्यंतच्या प्राथमिक शाळेला दोन शिक्षक दिले. म्हणजे आपल्या वाडी-तांड्यावरची शाळा ही दोन माणसांच्या जमण्यावर उभी असते. आणि 27 फेब्रुवारी 2017चं बदली धोरण पाहा. संवर्ग एकमध्ये आजारपण, अपंगत्व, ते हवंच. संवर्ग दोनमध्ये पती-पत्नी एकत्रीकरण. तेही हवं, संसार मोडून शाळा चालत नाही. अवघड क्षेत्राचा संवर्ग तीन. उरलेले चारमध्ये. 2021 साली धोरण बदललं. पण दोन शिक्षकांचं जमलंय, त्यांच्या शाळेतली लेकरं वाचायला लागलीत, असा रकाना ना तेव्हा होता, ना पुढे आला. ऊसतोडीचा मुकादमसुद्धा उचल देताना जोडी बघतो. आपल्या संगणकाला शालार्थ आयडी तेवढा दिसतो.

कुणी म्हणेल, जोडीच्या नावाखाली लोक सोयीची गावं धरून बसतील. बसतील काही. पती-पत्नीच्या नावाखाली कोण काय करतं, हे या मंडपात सगळ्यांना ठाऊक आहे. म्हणून तो संवर्ग कुणी रद्द केला नाही.

तेव्हा करायचं काय? द्विशिक्षकी शाळांतल्या जमलेल्या जोड्यांची यादी केंद्रनिहाय व्हावी. निकष कोणते, ते कार्यकारिणीने बसून ठरवावं. अशा जोडीला बदली एकत्र द्या नाहीतर दोघांनाही राहू द्या, अशी मागणी लावून धरू. मुंबईला कोण जाणार तेही बघू. निवेदनाचा मसुदा माझ्या पिशवीत आहे. जेवणाची पंगत लागलीय असं मागून खुणावतायत, पण सह्या आधी. आणि ज्यांना यंदा घराजवळची शाळा मिळालीय, त्यांनी पहिल्यांदा या.