हिरड्यांचे रखवालदार



महोत्सवाच्या मंगल प्रसंगी दातांचे रडगाणे ऐकण्याची तयारी आपण दाखविलीत, याबद्दल मी आभारी आहे. व्याख्यान पंगतीच्या आधी ठेवले हे योग्यच झाले. पंगतीची गोडी दात आहेत तोवरच असते.

आपल्या तपासणी-शिबिरांत एक वाक्य मी पुष्कळदा ऐकले आहे : "डॉक्टर, ब्रश लावला की हिरडीतून रक्त येते, म्हणून तेवढी जागा मी सोडून देतो." हे ऐकले की त्या दाताची मला काळजी वाटू लागते. ती का वाटते, एवढेच आज सांगावयाचे आहे.

दात आणि हिरडी यांच्यामध्ये एक अरुंद खाच असते. जंतूंना शिरावयास ही जागा सोयीची. म्हणून निसर्गाने तेथे रात्रंदिवस पहारा बसविला आहे. पहारेकरी म्हणजे रक्तातील पांढऱ्या पेशी. या पेशींचे कार्य प्रथम ओळखणाऱ्यांत इल्या मेच्निकॉव्ह हे रशियन शास्त्रज्ञ अग्रगण्य होत. १८८२ साली सिसिली बेटावरील मेसिना येथे त्यांनी तारामाशाच्या पारदर्शक अळीत गुलाबाचे काटे टोचले, आणि फिरत्या पेशी काट्यांभोवती गोळा झालेल्या पाहिल्या. १९०८ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

पहाऱ्याची पहिली फळी न्यूट्रोफिल पेशींची. निरोगी हिरडीतही त्या रक्तवाहिन्यांतून बाहेर पडून खाचेत येतात, जंतूंना गिळतात आणि मरतात. क्वचित एखाद्या मुलात जन्मतःच असा दोष असतो की, या पेशींना रक्तवाहिनीबाहेर पडताच येत नाही. अशा मुलांचे दात कोवळ्या वयातच हलू लागतात. पहाऱ्याचे मोल यावरून कळावे.

मग पहारा असूनही आपले दात का जातात? दातांवर साचणारा मऊ थर रोज काढला नाही, तर जंतूंचा वेढा उठत नाही. १९६५ साली डेन्मार्कमधील ऑर्हूस येथे हाराल्ड लो व त्यांच्या सहकाऱ्यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. बारा निरोगी माणसांनी दात घासणे बंद ठेवले. दहा ते एकवीस दिवसांत सर्वांच्या हिरड्यांना दाह झाला. स्वच्छता पुन्हा सुरू होताच तो ओसरला. या पायरीवरून रोग परत फिरविता येतो, हे ध्यानात ठेवावे.

वेढा वर्षानुवर्षे चालला तर मात्र गोष्ट बदलते. न्यूट्रोफिल पेशींची जी द्रव्ये जंतूंना मारतात, तीच भोवतालच्या तंतूंनाही इजा करतात. मदतीस आलेल्या टी व बी पेशी रँकल नावाचे प्रथिन निर्माण करतात. त्याच्या इशाऱ्याने हाड पोखरणाऱ्या पेशी तयार होतात, आणि दाताला आधार देणारे जबड्याचे हाड झिजू लागते. चोर दारातून हलेना, म्हणून रखवालदाराच्याच काठीने घराची भिंत खचावी, तसा हा प्रकार! बहुधा हे सारे दुखल्यावाचून घडते, आणि गेलेले हाड आपोआप भरून येत नाही.

तेव्हा हिरडीतून येणारे रक्त ही रखवालदाराची हाक आहे. त्या जागी मऊ ब्रश अधिक काळजीने फिरवावा, आणि दंतवैद्याकडून कठीण झालेले कीटण काढून घ्यावे. कीटण काढल्याने दात सैल होतात, हा समज चुकीचा आहे; हाड आधीच झिजलेले असते, कीटण निघाल्यावर ते आपल्या लक्षात येते इतकेच. मधुमेह असेल त्याने रक्तातील साखर ताब्यात ठेवावी, कारण ती वाढली की हिरड्यांचा दाहही बळावतो. विडी-सिगारेट ओढणाऱ्यांच्या हिरड्यांतून रक्त कमी येते. त्यावर विसंबू नये, आत झीज चालूच असते. आणि मिश्रीने दात घट्ट होतात असे मानणाऱ्या माताभगिनींना माझी हात जोडून विनंती आहे : मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच.

भाकरी कुस्करून खाणे हा काही म्हातारपणाचा नियम नव्हे. रोज दोन वेळा वेढा उठवा. रखवालदार आपले काम चोख करतील.