अक्षरांपर्यंत पोचलेल्या



सरत्या वर्षात मी नवी पुस्तकं फारशी वाचली नाहीत. मराठी बायकांची आत्मकथनं मात्र ओळीनं वाचत गेले. यातली काही पूर्वी वाचलेली होती, पण सुटीसुटी. यंदा ती एकापाठोपाठ एक वाचली आणि एक गोष्ट ठळकपणे जाणवली. आपण लिहायला-वाचायला कसं शिकलो, हे या बायका लग्नाच्या आणि बाळंतपणाच्या आठवणींइतक्याच जिव्हाळ्यानं सांगतात.

सुरुवात केली रमाबाई रानड्यांपासून. ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ हे त्यांचं पुस्तक १९१० सालचं. १८७३ मध्ये लग्न झालं तेव्हा त्या जेमतेम अकरा वर्षांच्या होत्या आणि त्यांना अक्षरओळखही नव्हती. नवऱ्यानं, म्हणजे न्यायमूर्ती माधवराव रानड्यांनी, लगेच शिकवायला घेतलं. हे पुस्तक आपण बहुतेकदा माधवरावांचा मोठेपणा पाहण्यासाठी वाचतो. या खेपेला माझं सगळं लक्ष त्या मुलीकडे लागलं. रात्री नवऱ्यापुढे धडा म्हणायचा आणि दिवसभर ज्यांच्यात वावरायचं त्या सासरच्या बायकांचे त्यावरून टोमणे ऐकायचे. अभ्यास केला तर या नाराज, न केला तर ते नाराज. पुढे मुलींच्या हायस्कूलसाठी पुण्यात गव्हर्नरांसमोर त्यांनी इंग्रजीतून मजकूर वाचून दाखवला. सभेत कौतुक झालं, घरात बोलणी बसली. रमाबाईंनी हे सारं कुठेही चढ्या आवाजात लिहिलेलं नाही. म्हणूनच ते वाचताना जास्त लागतं.

लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ मी किती वेळा वाचली असेल कोण जाणे. वडिलांच्या सोवळ्याच्या वेडानं वेठीला धरलेलं माहेर, कवी ना. वा. टिळकांसारखा लहरी आणि मायाळू नवरा, १८९५ मध्ये त्यांनी केलेलं ख्रिस्ती धर्मांतर आणि त्यानंतरचा काही वर्षांचा दुरावा. एवढं सोसूनही या बाईंच्या लिहिण्यात कडवटपणाचा मागमूस नाही. त्यांनाही अक्षरओळख लग्नानंतरच झाली. शाळेचं तोंड न पाहिलेल्या या बाईंनी टिळकांचं अपुरं राहिलेलं ‘ख्रिस्तायन’ हे काव्य पुढे नेलं, आणि मराठी गद्यात आजही ताजं वाटणारं पुस्तक लिहिलं. मराठीतलं सर्वांत चांगलं आत्मचरित्र कोणतं, असं विचारलं तर मी क्षणाचाही विचार न करता हेच नाव घेईन.

आनंदीबाई कर्व्यांचं ‘माझे पुराण’ आणि त्यांची बहीण पार्वतीबाई आठवले यांची ‘माझी कहाणी’ ही पुस्तकं जोडीनं वाचावीत. दोघी विधवा. एक पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकली, पुनर्विवाह करून कर्व्यांच्या घरी आली. दुसरी मोठेपणी अक्षरं शिकली आणि कर्व्यांच्या हिंगण्यातल्या विधवांच्या आश्रमासाठी वर्गणी गोळा करत थेट अमेरिकेपर्यंत गेली.

इथपर्यंतची पुस्तकं ब्राह्मण घरांतली. मग बेबीताई कांबळे यांचं ‘जिणं आमुचं’ हाती घेतलं आणि माझ्या वाचनाची दिशाच पालटली. रमाबाई रानड्यांना निदान शिकवायला घरात माणूस होतं. बेबीताई फलटणला आपल्या दुकानात बसून, माल बांधायला आणलेल्या रद्दीतले कागद वाचत. तिथेच गिऱ्हाईक नसताना लिहीत. लिहिलेलं मात्र नवऱ्यापासून लपवून ठेवत, तेही वीसेक वर्षं. ‘स्त्री’ मासिकानं ते छापलं आणि १९८६ मध्ये पुस्तक झालं.

त्यात त्या स्वतःबद्दल थोडंच सांगतात. महारवाड्यातला आषाढ, पोतराज, उपासमार आणि त्यातही टिकलेला एकमेकींचा आधार, हे सगळं येतं. गावानं केलेला अन्याय त्या सांगतातच. पण आपल्याच माणसांनी सुनांचे केलेले हालही झाकून ठेवत नाहीत. सून पळून जाऊ नये म्हणून तिच्या पायात लाकडी खोडा अडकवत. तो जड ओंडका ओढत ती पोर घरातलं काम करी. हे पान वाचून मी पुस्तक मिटलं आणि त्या दिवशी पुढे वाचू शकले नाही. बाबासाहेबांनी मुलांना शिकवा म्हणून सांगितलं, ते या बायकांनी किती मनावर घेतलं, हे कळायला तो खोडा आधी पाहावा लागतो.

उर्मिला पवारांचं ‘आयदान’ मी वर्षअखेरीस वाचलं. कोकणातल्या वाटांनी डोक्यावर ओझी घेऊन रत्नागिरीच्या बाजाराला निघालेल्या बायका आणि सतत बांबूच्या टोपल्या विणत बसलेली आई, हे सारं मनात ठसलं. त्याबद्दल बोलायला आज वेळ पुरणार नाही.

या ओळीत सगळ्यात आधी यायला हवं होतं असं एक पुस्तक मी मुद्दाम राखून ठेवलंय. ते आत्मकथन नाही. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ मध्ये छापलेला ‘स्त्री-पुरुष तुलना’ हा निबंध. त्याच्या पाचशे प्रती निघाल्या आणि पुढे तो जवळजवळ विसरला गेला. स. गं. मालशे यांनी १९७५ मध्ये तो पुन्हा प्रसिद्ध केला, म्हणून आज आपल्याला वाचायला मिळतो. येत्या वर्षाचं वाचन मी ताराबाईंपासून सुरू करणार आहे. आणि श्रोतेहो, आपल्या घरी आजीची किंवा पणजीची हस्ताक्षरातली एखादी वही असेल, तर ती आधी वाचून काढा आणि जवळच्या ग्रंथालयात दाखवा.